लघवी लाल, पाळी थांबेना: दुखणं 'खालचं' नसून रक्ताचं असेल तर?

कोकणात उन्हाळा तापला की 'उन्हाळी लागली' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. लघवीला जळजळ, रंग गडद. मग धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, कोकम सरबत होतं. लघवी लालसर दिसली तर मूतखड्याचा संशय येतो आणि मूतखडा म्हटलं की चुलीवर कुळथाचं कढण चढतं.

चिपळूण असो, खेड असो की गुहागर, हा घरगुती अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो. लघवीतून रक्त जाण्याची कारणं शोधली तर जंतुसंसर्ग, मूतखडा आणि वय झालेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट हीच नावं आधी येतात.

पण काही माणसांच्या बाबतीत मूत्रपिंड, मूत्राशय किंवा गर्भाशय यांचा मूळ दोष नसतो. दोष असतो त्यांच्यातून फिरणाऱ्या रक्तात. रक्त गोठत नाही, किंवा रक्तपेशी मोडतात, किंवा त्यांचा आकारच बदलतो. आणि याची पहिली खूण अनेकदा बाथरूममध्ये दिसते, म्हणजे जिथलं कुणी कुणाला सांगत नाही अशा जागी.

इथेच गोंधळ सुरू होतो. मूतखडा समजून वेदनाशामक इंजेक्शन दिलं जातं. 'अंगावरून जास्त जातं' म्हणून वर्षानुवर्षं फक्त लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. तरुण मुलगा रात्रभर वेदना सहन करतो, पण घरात बोलत नाही. चिपळूणसारख्या ठिकाणी यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे अंतर.

मूत्रपिंडातच का दिसतं?

हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास. एवढं रक्त ज्या अवयवातून जातं, तिथे रक्तातला बिघाड लपून राहणं कठीण असतं.

हिमोफिलियाचं उदाहरण घ्या. या आजारात रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी असतं. 'ए' प्रकारात फॅक्टर आठ, 'बी' प्रकारात फॅक्टर नऊ. आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो. गुडघे-कोपरे सुजणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. पण तीव्र हिमोफिलिया असलेल्यांना लघवीतून रक्त जाण्याचा त्रासही होतो, तोही अनेकदा काहीच न दुखता. काही बाळांमध्ये तर सुंता केल्यावर रक्त थांबलं नाही, तेव्हाच आजार लक्षात येतो.

आता समजा अशा मुलाला मूतखड्याचा रुग्ण समजलं गेलं. कळ थांबावी म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत दिलं गेलं. हिमोफिलियात स्नायूत दिलेलं इंजेक्शन स्वतःच रक्तस्रावाचं कारण ठरतं आणि या जातीची वेदनाशामकं रक्त गोठण्यात आणखी अडथळा आणतात. एकाच सुईत दोन चुका होतात.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सर्रास वापरल्या जातात. दात काढल्यावर, पाळीत जास्त रक्त गेल्यावर त्या खरोखर उपयोगी पडतात. पण हिमोफिलियाच्या रुग्णाला लघवीतून रक्त जात असेल तर ही गोळी टाळायची असते. कारण मूत्रमार्गात रक्ताची घट्ट गाठ बसली तर ती लघवीचा रस्ताच अडवते. अशा वेळी भरपूर पाणी, विश्रांती, आणि रक्तस्राव जोरात असेल, दुखत असेल किंवा थांबत नसेल तर फॅक्टरचं इंजेक्शन, असा उपचार असतो.

फॅक्टर मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. राज्य सरकारने हिमोफिलियासाठी सुरुवातीला जी डे-केअर केंद्रं उभी केली ती सातारा, ठाणे, नाशिक आणि अमरावतीला. पुढे ही सेवा आणखी जिल्ह्यांत गेली. पण सुरुवातीची ती यादी चिपळूणहून पाहिली तर काय दिसतं? जवळचं केंद्र साताऱ्याला, म्हणजे कुंभार्ली घाट चढून, कोयना-पाटणमार्गे. नाहीतर मुंबईचं केईएम, अडीचशे किलोमीटरवर. सांध्यात रक्त साकळलेल्या माणसाने घाटातल्या वळणांवरून हा प्रवास करायचा. नकाशावर जवळ दिसणारं ठिकाण आजारी माणसासाठी किती लांब असतं, ते या एका रस्त्यावरून कळतं.

कोकमाच्या रंगाची लघवी, पण रक्तपेशी नाहीत

लघवी लाल दिसली म्हणजे त्यात रक्तच आहे, असंही नाही. बीट खाल्ल्यावर रंग बदलतो. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

पण काही आजारांत लाल पेशी शरीराच्या आतच फुटतात, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होतं आणि मूत्रपिंडातून गळून लघवीत येतं. तेव्हा लघवी कोकमाच्या आगळासारखी किंवा कोऱ्या चहासारखी दिसते. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना हे विशिष्ट औषधांनी होऊ शकतं. यातलं महत्त्वाचं औषध आहे प्रायमाक्विन. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात लपून बसू नयेत म्हणून ते चौदा दिवस दिलं जातं. औषध चांगलं आहे, गरजेचंही आहे. पण ते सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं.

चिपळूणला हा मुद्दा पावसाळ्यात जास्त लागू होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. पाणी ओसरल्यावर अशा शहरात ताप येतात आणि लघवीच्या तक्रारी एकमेकींत मिसळतात. लेप्टोस्पायरोसिस हा रक्ताचा जन्मजात आजार नाही, तो उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग आहे. पण तो मूत्रपिंडं निकामी करू शकतो, प्लेटलेट्सही खाली आणतो. पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं आणि लघवी कमी होणं ही त्याची लक्षणं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्यांना ती ठाऊक असायला हवीत. म्हणजे लघवी गडद होण्याचं कारण त्या एका महिन्यात कमी पाणी पिणं असू शकतं, लेप्टो असू शकतो, मलेरिया असू शकतो किंवा मलेरियाचं औषधही.

हे वेगळं कसं काढायचं? त्यासाठी लागणारी पहिली तपासणी लघवीचीच असते आणि ती स्वस्त असते. लघवीत बुडवायची पट्टी रंग बदलून 'रक्त आहे' असं सांगते. पण ती लाल पेशी आणि मोकळं हिमोग्लोबिन यात फरक करत नाही. इतकंच काय, स्नायू चिरडल्यावर लघवीत येणाऱ्या मायोग्लोबिनलाही ती रक्तच म्हणते. म्हणून तीच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असते. पट्टीवर रक्त आणि काचेवर लाल पेशी, तर रक्तस्राव कुठून होतोय ते शोधायचं. पट्टीवर रक्त पण काचेवर पेशीच नाहीत, तर डॉक्टरांचं लक्ष रक्तपेशी फुटण्याच्या आजारांकडे जायला हवं. हा फरक रिपोर्टवर छापलेला असतो. अनेकदा तो वाचला जात नाही, एवढंच.

सिकलसेल: अंथरूण ओलं होण्यापासून चार तासांच्या घड्याळापर्यंत

महाराष्ट्रात सिकलसेल म्हटलं की डोळ्यासमोर विदर्भ आणि नंदुरबार येतं, आणि ते बरोबरच आहे. राज्यातल्या या आजाराची वैद्यकीय नोंद १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी केली. पण आजार जिल्ह्याची हद्द पाळत नाही. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आदिवासी समाजांतही त्याचे वाहक आढळले आहेत. शिवाय महामार्गाच्या कामावर आणि चिपळूणजवळच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत माणसं राज्याच्या आतूनही येतात आणि बाहेरूनही. 'आमच्याकडे हा आजार नाही' असं म्हणणाऱ्या तालुक्यात तो ओळखला जाण्याची शक्यता सगळ्यात कमी असते.

सिकलसेलमध्ये लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी असतो आणि क्षार जास्त. वाकण्यासाठी पेशींना याहून सोयीची जागा शरीरात क्वचितच मिळेल. तिथल्या बारीक नळ्या बुजतात आणि लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची क्षमता लहानपणीच कमी होते. मग मूल रात्री वारंवार उठतं किंवा अंथरूण ओलं करतं. घरात त्याला ओरडा बसतो. रात्री पाणी प्यायला बंदी होते. सिकलसेलच्या मुलासाठी ही बंदी धोक्याची आहे, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी आणखी वाकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. अंथरूण ओलं करणाऱ्या प्रत्येक मुलाला सिकलसेल असतो असं मुळीच नाही. पण ज्याला आहे, त्याला शिक्षा होऊ नये.

वाहकांबद्दल 'त्यांना काहीच होत नाही' असं सांगितलं जातं. बहुतेक बाबतीत ते खरं आहे. मात्र लघवीतून रक्त जाणं हा वाहकांनाही होणारा त्रास आहे. तो जास्त करून डाव्या मूत्रपिंडातून होतो. बरेचदा आपोआप थांबतो, पण इतर कारणं तपासल्याशिवाय तो सोडून द्यायचा नसतो. मूत्रपिंडाचा एक दुर्मिळ, अतिशय आक्रमक कर्करोग जवळजवळ फक्त सिकलसेलच्या वाहकांत आणि रुग्णांत आढळतो.

आणि मग येतो तो विषय, ज्यावर आरोग्य शिबिरात कुणी हात वर करून प्रश्न विचारत नाही. सिकलसेल असलेल्या मुलांना आणि पुरुषांना लैंगिक इच्छेशी काहीही संबंध नसताना लिंग ताठ होऊन तसंच राहण्याचा त्रास होतो. वैद्यकीय भाषेत याला प्रायापिझम म्हणतात. लिंगात आलेलं रक्त परत फिरत नाही, अडकून बसतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि असह्य वेदना होतात. परदेशातल्या अभ्यासांत सिकलसेलच्या साधारण तीनपैकी एका पुरुषाने आयुष्यात केव्हातरी हे अनुभवल्याचं दिसतं. शाळकरी वयातही ते होऊ शकतं. रक्ताच्या काही कर्करोगांतही हेच पहिलं लक्षण असू शकतं.

याचं घड्याळ चार तासांचं आहे. चार तासांहून जास्त वेळ ही अवस्था राहिली तर ती तातडीची वैद्यकीय वेळ असते. डॉक्टर सुईने अडकलेलं रक्त काढतात, रक्तवाहिन्या आकसणारं औषध देतात. जसजसा उशीर होतो तसतसे आतले स्नायू मरतात आणि कायमचं नपुंसकत्व येऊ शकतं. मोठ्या झटक्याआधी काहींना छोटे झटके येत असतात, बहुतेकदा पहाटे, अर्धा-एक तास टिकून आपोआप जाणारे. तो इशारा असतो. तेव्हाच सांगितलं तर पुढचं टाळता येतं.

पण सांगायचं कुणाला? एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग तज्ज्ञ' म्हणून ज्याचा नंबर रंगवलेला असतो, त्याला? बरेच तरुण तिथेच पोचतात आणि त्यात घड्याळ पुढे सरकतं.

लोट्याहून चिपळूणला यायचं तर मध्ये परशुराम घाट आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी तो दुपारी काही तास बंद ठेवला जात होता. त्याच वर्षी पावसाळ्यात दरडींमुळे वाहतूक थांबवावी लागली. चार तासांचं गणित अशा रस्त्यावर मांडून पाहा. वीस वर्षांच्या मुलाने लाजेत तीन तास घालवले असतील तर उरलेला एक तास घाटाच्या हाती असतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ हे लक्ष्य ठेवलं आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली. तपासणी झाल्यावर कार्ड मिळतं, लग्नाआधी दोघांनी कार्डं जुळवून पाहावीत असा सल्ला दिला जातो. मोहीम गरजेची आहे, यात वाद नाही. पण कार्ड सांगतं की तुम्ही रुग्ण आहात, वाहक आहात की काहीच नाही. रात्री लघवीला किती वेळा उठता, पहाटे त्रास होतो का, हायड्रॉक्सियुरिया घेताना मूल हवं असेल तर काय, हे प्रश्न कार्डावर मावत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे या आजारातलं मोठं आधाराचं औषध, पण त्याने शुक्राणूंची संख्या घटू शकते. ही गोष्ट नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला कुणीतरी आधी सांगायला हवी, नाहीतर तो कुणाला न विचारता गोळ्याच बंद करतो.

'तिला पहिल्यापासूनच जास्त जातं'

१९२४ मध्ये फिनलंडच्या आलांड बेटांवरून पाच वर्षांच्या एका मुलीला हेलसिंकीला एरिक व्हॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे आणलं गेलं. तिच्या घरात अनेकांना रक्त न थांबण्याचा त्रास होता, लहान बहिणी त्यात दगावल्या होत्या. हा हिमोफिलिया नाही, कारण इथे बायकांनाही आजार आहे, असं त्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९२६ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. तिची चौथी पाळी होती, रक्त थांबलंच नाही.

शंभर वर्षांनंतर व्हॉन विलेब्रँड हा वंशपरंपरेने येणारा सगळ्यात जास्त आढळणारा रक्तस्रावाचा आजार म्हणून ओळखला जातो. पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या महिलांवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा २००४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या सुमारे १३ टक्के जणींना हा आजार असल्याचं दिसलं. तरी आपल्याकडे त्याचं नाव ऐकलेली माणसं शोधावी लागतात.

त्याचं कारण घरातच असतं. आईलाही जास्त जायचं, मावशीलाही जायचं, म्हणून मुलीला जास्त जातं यात वेगळं काय? घराण्याची सवय म्हणून जे सांगितलं जातं, ते घराण्यातून आलेला आजार असू शकतं. सात दिवसांहून जास्त रक्त जाणं, तासाभरात पॅड भरणं, एक इंचाहून मोठ्या गाठी पडणं, रात्री उठून कपडे बदलावे लागणं, हे 'नॉर्मल' नाही. त्याच्या जोडीला नाकातून रक्त येत असेल, अंगावर सहज काळेनिळे डाग उठत असतील, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सगळं एका दमात सांगायला हवं. वेगवेगळं सांगितलं तर चित्र जुळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये ॲनिमिया आढळला. त्यावर उत्तर म्हणून लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. आहार कमी पडतो हे खरं, पण खालून बादली गळत असेल तर वरून किती ओतणार? गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर पाळीबद्दल विचारायला हवं. आणि पाळी थांबत नाही म्हणून गर्भाशय काढायचा सल्ला मिळाला असेल, तर शस्त्रक्रियेआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या का, हे विचारण्याचा हक्क त्या बाईला आहे. इथे साधी गोठण्याची चाचणी पुरेशी पडेलच असं नाही, व्हॉन विलेब्रँडमध्ये ती नॉर्मलही येते. आजाराची स्वतंत्र तपासणी करावी लागते. गंमत म्हणजे हिमोफिलियाच्या मुलाला लघवीतल्या रक्तासाठी जी ट्रानेक्झॅमिकची गोळी चालत नाही, तीच या मुलीला पाळीत आधार देते.

थॅलेसेमियात त्रास उलट्या बाजूने येतो. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं. उरलेलं लोह यकृत, हृदय आणि मेंदूतल्या पियुष ग्रंथीत साठतं. ही ग्रंथी दबली की पाळी सुरूच होत नाही, मुलाचा आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही. लोह काढणारी औषधं वेळेवर आणि नियमित मिळाली तर हे बरंचसं टळतं. त्या औषधांवर असताना मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात.

चिपळूणमध्ये सुरुवात कुठून करायची?

सरकारी यंत्रणेत कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे. सावर्ड्याजवळ डेरवणला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला. पुढची, रक्ताच्या आजारांची सखोल तपासणी लागली तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेले आहेत, त्यामुळे निदानाचे कागद जपून ठेवणं पुढे प्रमाणपत्रासाठीही उपयोगी पडतं.

पण मुंबई गाठण्याआधी करायची ती लघवीची साधी तपासणीच. त्यात एक बारीकशी गोष्ट अडते. लघवीचा नमुना ताजा असावा लागतो, शक्यतो दोन तासांच्या आत पाहिलेला. जास्त वेळ उकाड्यात राहिला तर त्यातल्या लाल पेशी बाटलीतच फुटतात. मग पट्टीवर रक्त दिसतं, काचेवर पेशी दिसत नाहीत, आणि रिपोर्ट भलत्याच आजाराकडे बोट दाखवतो. दसपटीतल्या एखाद्या वाडीतून सकाळी भरलेली बाटली पहिल्या एसटीने शहरात यायला आणि लॅबमध्ये रांगेत लागायला किती वेळ लागतो, ते तिथल्या माणसांना ठाऊक आहे. त्यामुळे बाटली घरून भरून आणू नका. लॅबमध्ये पोचल्यावर तिथेच नमुना द्या. रंग सकाळीच लाल दिसला असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडाने सांगायला जड जातं, ते त्या फोटोने आपोआप सांगून होतं.